हवाई कसरती आणि पॅनेलमधले जायरो: नव्या वैमानिकासाठी मार्गदर्शक

लूप (हवेत उभं वर्तुळ) आणि रोल (नाक-शेपटीच्या रेषेभोवती गिरकी) शिकायला निघालेल्या वैमानिकाला विमानाच्या मजबुतीबद्दल भरपूर सांगितलं जातं. किती जीपर्यंत (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट भारापर्यंत) ओढायचं, कोणत्या वेगाला सुरुवात करायची, किमान उंची किती ठेवायची, पट्टे कसे आवळायचे. पॅनेलमधल्या होरायझनचा, म्हणजे विमान क्षितिजाशी किती कललंय ते दाखवणाऱ्या तबकडीचा, विषय मात्र एका वाक्यात आटोपतो: "तिकडे बघू नकोस, बाहेर बघ." सल्ला बरोबरच आहे. पण तो तुमच्या भल्याचा झाला. त्या दहा मिनिटांत उपकरणावर काय गुदरतं आणि पुढच्या आठवड्यात तेच विमान धूसर हवेत घेऊन जाणाऱ्याला ते काय दाखवतं, हे त्यात येत नाही.

या उपकरणाच्या पोटात जायरो असतो, म्हणजे वेगाने फिरणारं चाक; त्या चाकाला रोटर म्हणतात. बहुतेकांची समजूत अशी असते की जी-भाराने जायरो खराब होतो. भाराचा वाटा असतो, नाही असं नाही. पण मुख्य नुकसान होतं ते फिरत्या रोटरची वाट अडवल्याने. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

पायरी १: आपल्या पॅनेलमध्ये काय आहे ते आधी बघा

साध्या हलक्या विमानात तीन जायरो असतात: होरायझन म्हणजे ॲटिट्यूड इंडिकेटर, दिशा दाखवणारा डीजी, आणि वळण दाखवणारं टर्न कोऑर्डिनेटर किंवा त्याच्या आधीच्या पिढीचं टर्न अँड स्लिप. पहिले दोन बहुधा व्हॅक्यूमवर, म्हणजे ओढलेल्या हवेच्या झोतावर, चालतात आणि तिसरं विजेवर. एक बंद पडलं तर दुसरं हाताशी राहावं, म्हणून ही विभागणी.

प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी शोधून वहीत लिहून ठेवा. ते हवेवर चालतं की विजेवर? त्याला केज करण्याची, म्हणजे आतला जायरो जखडून ठेवण्याची, कळ आहे का? आणि पिच (नाक वर-खाली होणं) आणि बँक (पंख कलणं) यांची त्याची मर्यादा किती? पहिल्या दोघांची उत्तरं पॅनेलसमोर बसून मिळतात. तिसऱ्यासाठी उपकरणाच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि उत्पादकाची पुस्तिका लागते. नुसत्या तबकडीवरून अंदाज बांधू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन होरायझनांची आतली रचना पार वेगळी असू शकते.

विमान कसरतींसाठी प्रमाणित आहे म्हणजे त्यातलं प्रत्येक उपकरणही त्यासाठीच बनलंय असं समजू नका. सेसना १५२ एअरोबॅटची चौकट अधिक ६ आणि उणे ३ जी सोसते. त्याच चौकटीत बसवलेला होरायझन साध्या १५२ मधलाच असू शकतो.

पायरी २: टॉपल म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्या

इथे जरा सावकाश वाचा.

वेगाने फिरणारा भोवरा आरीवर ताठ उभा राहतो आणि त्याला एका बाजूने ढकललं तर तो त्या बाजूला न पडता काटकोनातल्या दिशेला झुकतो. जायरोचे दोन्ही गुण यात आले. पहिला, आसाची दिशा न सोडण्याचा हट्ट. दुसरा, प्रिसेशन: जोर एकीकडे लावा, परिणाम फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे दिसतो.

होरायझनमधला रोटर उभ्या आसावर मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरतो. तो दोन गिंबलांत, म्हणजे एकात एक फिरणाऱ्या चौकटींत, टांगलेला असतो. बाहेरच्या गिंबलचा आस विमानाच्या नाकापासून शेपटीकडे जातो, त्यामुळे विमानाने रोल केला तरी रोटरला त्याची खबर लागत नाही. आतल्या गिंबलचा आस पंखांच्या दिशेने असतो, त्याच्यामुळे पिचची मोकळीक मिळते. रोटर आहे तिथेच उभा, विमान त्याच्याभोवती हलतं, आणि त्या दोघांमधला फरक आपल्याला तबकडीवर दिसतो.

आता लूप सुरू करा. नाक वर जाऊ लागतं. विमान सरळ आकाशाकडे तोंड करून उभं राहिलं की बाहेरच्या गिंबलचा आसही उभा होतो. रोटरचा आस तर आधीपासूनच उभा आहे. दोन आस एका रेषेत आले आणि एका दिशेची मोकळीक गेली. हा गिंबल लॉक. हलक्या विमानांपुरतीच ही अडचण नाही. अपोलो यानांच्या दिशादर्शक प्लॅटफॉर्मलाही तीनच गिंबल होते, आणि अंतराळवीरांना त्या कोनाच्या आसपास जाण्यापासून यान सांभाळावं लागे.

जुन्या धाटणीचे होरायझन या टोकापर्यंत जाऊच नयेत म्हणून आत अडथळे बसवलेले असतात: पिचमध्ये साधारण ६० ते ७० अंशांवर, बँकमध्ये १०० ते ११० अंशांवर. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात लूपच्या पहिल्याच चतुर्थांशात गिंबल त्या अडथळ्यावर आदळतं, विमान नाक वर घेतच राहतं आणि अडथळा रोटरचा आस जबरदस्तीने पिचमध्ये ढकलतो. रोटर उत्तर देतो ते मात्र ९० अंश पुढे, म्हणजे रोलमध्ये. समोरून बघितलं तर क्षितिजाची रेघ आधी थरथरते, मग एका बाजूला कलंडते आणि बघता बघता अख्खी तबकडी गरागरा फिरू लागते. आपण रोल केलेलाच नसतो! यालाच टॉपल होणं म्हणतात.

नुकसान कुठे होतं हे बघायला थोडा हिशोब करू. समजा, रोटर ३०० ग्रॅमचा, अडीच सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीसारखा, मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरणारा, आणि त्याच्या दोन बेअरिंगांमधलं अंतर ४ सेंटिमीटर. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. विमान सरळ उडत असताना प्रत्येक बेअरिंगवर १५० ग्रॅमचा भार असतो. ६ जीची ओढ घेतली की तो ९०० ग्रॅम होतो. आता गिंबल अडकलेलं आहे आणि विमान सेकंदाला एक पूर्ण रोल या वेगाने फिरतंय असं धरा. रोटरचा आस जबरदस्तीने वळवला जातो, आणि त्याचा प्रतिकार प्रत्येक बेअरिंगवर जवळपास १.९ किलोचा भार टाकतो. ६ जीच्या ओढीच्या दुप्पट, तेही काठी जराही मागे न ओढता!

याच हिशोबात साधा लूप बसवा. दहा सेकंदांचा लूप म्हणजे सेकंदाला ३६ अंश. अडकलेल्या रोटरवरचा त्याचा भार दोनशे ग्रॅमच्या आतच राहतो. सेकंदाला ९० अंशांच्या निवांत रोलला अर्ध्या किलोच्या आत. म्हणजे सगळ्या कसरती सारख्या नाहीत. मोठा गोल लूप जायरोला फारसा जड जात नाही, झटक्याचा स्नॅप रोल जातो. शिवाय वरचे आकडे सलग, शांत फिरण्याचे आहेत. मोकळं सोडलेलं गिंबल अडथळ्यावर आदळतं तेव्हाचा धक्का क्षणभराचा असला तरी याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि टॉपल होताना तो पुन्हा पुन्हा बसतो.

या धक्क्यांनी बेअरिंगच्या गोळ्या आपल्या मार्गिकेवर बारीक खळगे पाडतात. डोळ्यांना ते दिसणारही नाहीत. पण रोटर मिनिटाला हजारो वेळा त्या खळग्यांवरून जातो. कंप वाढतो, घर्षण वाढतं, घर्षण एकसारखं न राहिल्यामुळे आस हळूहळू सरकतो. म्हणून कसरतींचं बिल त्याच दिवशी येत नाही. उपकरण त्या दिवशी पुन्हा सरळ उभं राहतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि काही महिन्यांनी होरायझन उगाचच दोन-तीन अंश कललेला दिसू लागतो.

डीजीची गंमत

डीजीचा रोटर आडव्या आसावर फिरतो आणि त्याचं बाहेरचं गिंबल विमानाच्या उभ्या आसावर असतं. जुन्या डीजीची मर्यादा पिच आणि बँक दोन्हींत ५५ अंशांच्या आसपास असते. पण तो उलटेल की नाही, हे तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून कसरत करता यावरही ठरतं. रोटरचा आस नाक-शेपटीच्या रेषेत असेल तर रोल त्या आसाभोवतीच होतो आणि तबकडी शांत राहू शकते. तोच आस पंखांच्या रेषेत असेल तर रोल सुरू होताच आतलं गिंबल अडथळ्यावर जाऊन आपटतं. त्यामुळे "परवा तर रोलमध्ये काही झालं नव्हतं" हा पुरावा धरू नका. परवा तुमचं तोंड दुसरीकडे होतं.

टर्न कोऑर्डिनेटर आणि टर्न अँड स्लिप

या दोघांना एकच गिंबल असतं आणि तेही स्प्रिंगने धरलेलं. त्यामुळे ती टॉपल होऊच शकत नाहीत. फार तर काटा टोकाला जाऊन टेकतो. स्पिनमध्ये, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येत असताना, बाकीचं पॅनेल गोंधळलेलं असतं तेव्हा टर्न अँड स्लिपचा काटा म्हणूनच सोन्याच्या मोलाचा. तो विमानाच्या उभ्या आसाभोवतीचं वळण तेवढं मोजतो, त्यामुळे स्पिन सरळ असो की उलटा, काटा ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध रडर. टर्न कोऑर्डिनेटरचं गिंबल मात्र साधारण ३० अंश तिरपं बसवलेलं असतं, कारण त्याला रोलही जाणवावा लागतो. सरळ स्पिनमध्ये हे चालून जातं. उलट्या स्पिनमध्ये रोल आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे वळणं) वैमानिकाच्या नजरेने विरुद्ध दिशांना असतात, आणि मग तबकडीवरचं छोटं विमान चुकीच्या बाजूला झुकू शकतं. दोन्ही उपकरणांच्या नळीतला, घसरण दाखवणारा चेंडू स्पिनमध्ये पूर्ण विसरा. तो पॅनेलच्या कोणत्या बाजूला बसवलाय त्यावर त्याचं म्हणणं बदलतं.

कसरतींच्या विमानात दोघांतलं एकच ठेवायचं झालं तर मी डोळे झाकून टर्न अँड स्लिप ठेवेन.

पायरी ३: आपला मार्ग आधीच ठरवा

हा निर्णय जमिनीवर घ्यायचा असतो, हवेत नाही. मार्ग मोजकेच आहेत.

विमान फक्त कसरतींसाठी असेल तर जायरो काढूनच टाका. पिट्स किंवा एक्स्ट्रासारख्या विमानांच्या पॅनेलमध्ये वेग, उंची, जी-मीटर आणि कंपास एवढ्यावरच भागवलेलं असतं ते उगाच नाही. वजन वाचतं आणि खर्चही. पण उपकरण काढणं म्हणजे चार स्क्रू सोडवणं नव्हे. रिकाम्या नळ्या नीट बंद कराव्या लागतात, व्हॅक्यूमचा दाब पुन्हा लावावा लागतो, वजन आणि संतुलनाचा हिशोब नव्याने होतो आणि विमानाच्या उपकरण-यादीत नोंद पडते. हे काम परवानाधारक इंजिनिअरचं.

विमान शिकवणीचंही आणि कसरतींचंही असेल तर न टॉपल होणारा होरायझन घेता येतो. त्याच्या आतल्या रचनेत विमान उभ्या रेषेतून जाताना तबकडी मुद्दाम, आटोक्यात राहून १८० अंश फिरते आणि उलट्या विमानाचं चित्र बरोबर दाखवते. लढाऊ विमानांत त्यासाठी एक जास्तीचं गिंबलही दिलेलं असतं. असं उपकरण उलटत नाही, पण कसरतींनंतर त्यात दोन-चार अंशांची चूक राहू शकते, त्यामुळे त्याच्यावरही लगेच विसंबायचं नसतं.

तिसरा मार्ग म्हणजे रोटर थांबवणं. विजेवरचा जायरो स्विचने बंद करता येतो; काही विमानांत व्हॅक्यूम वळवणारी प्रमाणित झडप असते. रोटर थांबलेला असेल तर प्रिसेशनच नाही, म्हणजे वरच्या हिशोबातले ते १.९ किलो गायब. अडचण एवढीच की स्विच बंद केला म्हणून रोटर थांबत नाही. चांगल्या बेअरिंगवरचा रोटर कित्येक मिनिटं फिरत राहतो, आणि निम्म्या वेगावरही त्याचा हट्ट निम्मा शिल्लक असतो. थांबवायचंच असेल तर टेकऑफआधीच बंद ठेवा. झडप नसेल तर नळी मोडून ठेवणं, फडकं कोंबणं असले जुगाड नकोत.

चौथा मार्ग केज करण्याचा. कळ ओढली की गिंबल विमानाच्या चौकटीशी जखडलं जातं. अडथळ्यावर आदळणं वाचतं, हा मोठा फायदा. पण रोटर पूर्ण वेगात असताना केज केलात तर विमानाचं प्रत्येक वळण थेट बेअरिंगवर येतं. वरचा हिशोब नेमका याच स्थितीचा आहे. त्यामुळे काही उत्पादक कसरतींआधी केज करायला सांगतात, तर काही उपकरणांची कळ केवळ झटपट सरळ करण्यापुरतीच असते आणि ती ओढून धरणं त्यांना मान्य नसतं. क्लबमधल्या अनुभवी मंडळींचं यावर एकमत होणार नाही. त्या वादात पडू नका, तुमच्या मॉडेलची पुस्तिका काय म्हणते ते करा.

पाचवा मार्ग आहे "चालू दे तसंच". तो निवडता येतो, पण समजून-उमजून निवडा: त्या होरायझनवर इन्स्ट्रुमेंट उड्डाण करायचं नाही आणि दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून ठेवायचे.

पायरी ४: कसरतीआधी, हवेत

उंची, मोकळं आकाश, खाली वस्ती नाही, ही नेहमीची तपासणी झाली की उपकरणांसाठी आणखी अर्धं मिनिट द्या.

ऑटोपायलट बंद आहे याची खात्री करा, नुसत्या बटणाने नव्हे तर जमल्यास सर्किट ब्रेकरनेही. काही ऑटोपायलट होरायझनकडून माहिती घेतात, काही टर्न कोऑर्डिनेटरकडून. टॉपल झालेल्या होरायझनचं ऐकून विमान सरळ करायला निघालेला ऑटोपायलट ही भलतीच डोकेदुखी.

मग एखादी ठळक खूण निवडा: नदी, रस्ता, रेल्वेमार्ग. तिची दिशा कंपासवर बघून मनात ठेवा. कसरती संपल्यावर डीजी काहीही सांगत असेल, खूण मात्र जागची हलत नाही.

केज करायचं असेल तर पंख समतल, नाक क्षितिजावर, वेग स्थिर असतानाच करा. कळ पूर्ण बसली का आणि लाल झेंडी दिसली का ते बघा. अर्धवट बसलेली कळ न बसलेल्यापेक्षा वाईट. जिथे होरायझन चालूच ठेवून उडायचं आहे तिथे त्याच्यावर छोटं झाकण चिकटवणं मला आवडतं. गरगरणारी तबकडी डोळ्यांच्या कोपऱ्यातही नको.

पायरी ५: कसरत चालू असताना

बाहेर बघा. खरं क्षितिज, पंखाचं टोक, जमिनीवरची खूण. आतमध्ये वेग, उंची आणि जी-मीटर.

ढगात किंवा क्षितिज न दिसणाऱ्या धुरकट हवेत कसरती नकोत, याचं एक कारण हेही आहे. बाहेरचं क्षितिज हरवलं आणि आतलं टॉपल झालं, तर उरतात वेगदर्शक, अल्टिमीटर आणि टर्नचा काटा. त्या तिघांवर विमान सावरता येतं, पण तो सराव प्रशिक्षकासोबत वेगळा करायचा असतो.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल याने १९२७ मध्ये बाहेरचा लूप (वैमानिकाचं डोकं वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला ठेवून केलेला) करून दाखवला. त्याच माणसाने २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न बघता, केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान वर नेलं आणि उतरवलं. त्या पॅनेलमध्ये स्पेरीचा कृत्रिम होरायझन आणि डायरेक्शनल जायरो होते. दोन्ही कामं त्याने केली, पण एकाच उड्डाणात नाही!

पायरी ६: कसरत संपल्यावर

इथेच घाई होते. माणूस खुशीत असतो, घामेजलेला असतो, घरी परतायचं असतं.

आधी बाहेरच्या क्षितिजावर विमान समतल करा आणि वेग स्थिर होऊ द्या. मगच अनकेज करा. केजची कळ सोडताना विमान ज्या स्थितीत असतं तीच स्थिती जायरो "सरळ" म्हणून धरतो. १० अंश बँकमध्ये सोडलात तर १० अंश चुकीचं क्षितिज पदरात पडेल.

केजची सोय नसेल तर वाट बघावी लागते. व्हॅक्यूमच्या होरायझनमध्ये रोटरच्या घराखाली चार झरोके असतात आणि त्यांच्यावर लोंबत्या पट्ट्या. जायरो कलला की एक झरोका उघडतो, समोरचा झाकला जातो, हवेचा झोत असमान होतो आणि त्या प्रतिक्रियेने रोटर हळूहळू उभा राहतो. हळूहळू म्हणजे मिनिटाला काही अंशच. पार आडवा झालेला जायरो सावरायला दहा मिनिटंही घेऊ शकतो. तेवढा वेळ सरळ उडा. वळत राहिलात तर त्या पट्ट्या वळणातल्या भारालाच "खाली" समजतात आणि जायरो चुकीच्या ठिकाणी उभा करतात.

डीजीसाठी आधी कंपास शांत व्हायला हवा. कसरतींनंतर तो बराच वेळ हेलकावतो. समतल, एकसमान वेगाने उडा, कंपास स्थिरावला की डीजी जुळवा आणि आधी निवडलेल्या खुणेशी ताडून बघा. पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा बघा. तेवढ्यात दिशा चांगलीच सरकली असेल तर तो डीजी आजच्यापुरता बाद.

परतीच्या वाटेवर होरायझनची बाहेरच्या क्षितिजाशी तुलना करत राहा. दोघांचं जुळेपर्यंत धूसर हवेच्या वाटेला जाऊ नका. जवळचा रस्ता ढगाच्या कडेने जात असेल तर लांबचा घ्या.

पायरी ७: जमिनीवर, कान लावून

इंजिन बंद झाल्यावर लगेच विमान ढकलू नका. रोटर अजून फिरतोय. धक्के देत, गरकन वळवत हँगरमध्ये नेलंत तर कसरतींतून वाचलेलं बेअरिंग इथे मार खाईल. काढलेलं उपकरण हातात घेऊन फिरण्याआधीही तो पूर्ण थांबू द्या.

मास्टर स्विच बंद करा, दार लावून घ्या, आणि ऐका. निरोगी रोटरचा आवाज बारीक, एकसुरी, हळूहळू खाली उतरत जाणारा असतो. काचेवर बोट टेकवलं तर जेमतेम गुणगुण जाणवते. खरखर, टिकटिक, मध्येच बदलणारा सूर किंवा बोटाला लागणारी थरथर म्हणजे बेअरिंग बोलू लागलं. थांबायला किती वेळ लागला तोही लिहून ठेवा. दुसऱ्या विमानाच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. याच उपकरणाला मागच्या महिन्यात जास्त वेळ लागत होता आणि आता कमी, तर समजून जा. रोटर मंदावताना क्षितिजाची रेघ कलंडते, त्याची मात्र काळजी नको.

पुढच्या उड्डाणाआधीच्या तपासण्या नेहमीच्याच, फक्त मनापासून करा. इंजिन सुरू झाल्यावर पाच मिनिटांत होरायझन उभा राहून स्थिर व्हायला हवा. टॅक्सी करताना वळणांत त्याची रेघ ५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. डीजी १५ मिनिटांत ३ अंशांपलीकडे सरकू नये. सक्शन गेज बहुतेक विमानांत साडेचार ते साडेपाच इंच पाऱ्याच्या दरम्यान असतं. तुमच्या विमानाचा हिरवा पट्टा काय सांगतो ते बघा. सक्शन कमी तर रोटर मंद, आणि मंद रोटर चुकीच्या वेळी आळस करतो. ज्या जुन्या विमानांत बाहेर लावलेल्या व्हेंच्युरी नळीने हवा ओढली जाते, तिथे वेग उतरला की सक्शनही उतरतं. उभ्या चढाईनंतर त्यांना जास्त वेळ द्या.

काहीही खटकलं तर लॉगबुकात सोप्या शब्दांत लिहा: कोणत्या कसरती केल्या, जी-मीटरने कमाल किती दाखवला, जायरो केज होता की मोकळा, टॉपल झाला का, सावरायला किती वेळ गेला. "होरायझन बरोबर नाही" एवढ्यावर दुरुस्तीवाल्याला काहीच करता येत नाही. विमान अनेकजण वापरत असतील तर पॅनेलवरच चिठ्ठी लावा, कारण पुढचा माणूस लॉगबुक उघडेलच असं नाही.

काचेच्या पडद्यांचं काय?

नव्या डिजिटल उपकरणांत फिरता रोटर नाही आणि गिंबलही नाहीत. चिपवरची अतिसूक्ष्म कंपणारी रचना फिरण्याचा वेग मोजते, संगणक त्या वेगाची बेरीज करत करत विमानाची स्थिती काढतो. अडथळे नाहीत, त्यामुळे आपटणं नाही आणि बेअरिंगचा प्रश्नही नाही. गणित चार संख्यांच्या पद्धतीने केलेलं असेल तर उभ्या रेषेतला गिंबल लॉकही टळतो.

पण मर्यादा इथेही असते, फक्त ती कोनाची नसून वेगाची असते. संवेदकाला सेकंदाला ठरावीक अंशांपर्यंतच मोजता येतं. एक्स्ट्रा ३०० सारखं विमान सेकंदाला ४०० अंशांच्या घरात रोल करतं. संवेदकाची झेप त्याहून कमी असली तर मधले अंश मोजलेच जात नाहीत आणि बेरीज चुकते. काही उपकरणं अशा वेळी पडद्यावर लाल फुली काढून गप्प बसतात. तो प्रामाणिकपणा मला आवडतो. काही मात्र थोडं तिरकं चित्र आत्मविश्वासाने दाखवत राहतात. शिवाय "खाली कुठे" हे ठरवायला ती जी-भार मोजणाऱ्या संवेदकांचा आधार घेतात, आणि सलग ओढीच्या कसरतींत तो आधार डळमळतो. म्हणून चांगल्या उपकरणांना हवेतल्या वेगाची किंवा जीपीएसची जोड दिलेली असते.

विकत घेण्याआधी पुस्तिकेत तीन आकडे शोधा: फिरण्याचा कमाल वेग, कमाल जी, आणि बिघडल्यावर हवेतच पुन्हा जुळवून घेता येतं का. पहिला आकडा तुमच्या विमानाच्या रोलच्या वेगाशी ताडून बघा, दुसरा जी-मीटरवरच्या तुमच्या नेहमीच्या कमाल आकड्याशी. तिसऱ्याचं उत्तर "फक्त जमिनीवर, विमान उभं असताना" असं असेल, तर त्या पडद्याशेजारी टर्न अँड स्लिपसाठी जागा सोडा.